रेवणप्पानं दाबलेला नारळ

पाणी बघायला रेवणप्पाला बोलावलं नाही असं घर अक्कलकोट रस्त्याच्या त्या पट्ट्यात शोधून सापडायचं नाही. स्वच्छ धोतर, टोपी, कपाळाला भस्माचे पट्टे आणि हातात सोललेला नारळ. शेंडी बोटांकडे करून नारळ तळहातावर आडवा ठेवायचा आणि अनवाणी शेत पालथं घालायचं. खाली पाणी असलं की नारळ उठून उभा राहतो. खरंच राहतो का, की पाणाड्याच्या हातालाच जमिनीचं काहीतरी कळतं, यावर पारावर पुष्कळ डोकेफोड झालेली आहे. पण डोकेफोड करणारे शहाणेही बोअर मारायच्या आधी गुपचूप त्याच्याच दारात यायचे, तेव्हा आपण तो वाद वाढवायला नको. रेवणप्पाचा स्वतःचा मात्र नारळावर पुरा विश्वास होता. पाणी नसलं की समोर कितीही मोठा बागायतदार असो, तो तोंडावर सांगायचा की इथं पैसा घालू नका. गाव त्याच्या शब्दावर डोळे मिटून चालत होतं.

अलीकडे तर त्याला सवडच नव्हती. सकाळी चहा व्हायच्या आत दारात मोटरसायकल उभी. "अण्णा, चला की लवकर. हिरीत बादली बुडंना झालीया." धंदा असा बहरला की माणसानं मिशीवर ताव द्यावा. पण रेवणप्पा मोटरसायकलचा आवाज आला की मागच्या दारानं गोठ्यात जाऊन बसायचा आणि बायकोला, सावित्रम्माला, सांगायचा, घरात न्हाय म्हणून सांग.

"पाणाड्याला पाण्याचं बोलावणं नको झालंय, असं कुटं ऐकलं न्हाय बाई," सावित्रम्मा म्हणायची. तिला वाटायचं, म्हातारा थकला. तो थकला नव्हता. या विहिरी कोणी आटवल्या हे त्याला ठाऊक होतं, आणि आटवणाऱ्यालाच लोक पाणी बघायला न्यायला येत होते. त्याला आपली लाज वाटत होती.

गावाच्या वरच्या अंगाला एक मोठा उतरता माळ होता. पाहुण्याला नेऊन दाखवावं असं तिथं काही नव्हतं. पिवळं गवत, खुरट्या बोरी, गोटे. सरकारी कागदात पडीक आणि गावाच्या बोलण्यात तर त्याहून खालचं काहीतरी. आपल्याकडे झाड असलं तर ते जंगल आणि गवत असलं तर ते पडीक, अशी समजूत आहे, आणि ती शिकलेल्यांत जरा जास्तच आहे. पण त्या गवतात चंडोल घरटी करत, धाविक पक्षी लांब ढांगा टाकत पळत, खोकडांची बिळं होती, सकाळच्या वेळी काळविटांचा कळप दिसे आणि कधीमधी लांडगाही. तानाबाई धनगरीण तिथंच मेंढ्या चारायची. आणि माळावर पडलेला पाऊस गवतात अडायचा, खालच्या मुरमात जिरायचा आणि पायथ्याच्या विहिरींना पार उन्हाळ्यापर्यंत पुरायचा. हे गावाला अर्धवट ठाऊक होतं. रेवणप्पाला पुरतं ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी सोलापूरहून निवेदिता नावाची एक मुलगी गावात येऊ लागली. एका संस्थेचं काम होतं. तालुक्यातल्या प्रत्येक गावानं आपल्या शिवारातली एक जागा निवडायची, ठराव करायचा, आणि ती जागा पुढं कोणी खणायची नाही, नांगरायची नाही, विकायची नाही. फक्त जागा नीट निवडायची. नुसती पाखरं आहेत म्हणून नको आणि नुसती माणसांच्या उपयोगाची म्हणूनही नको. दोन्ही जिथं एकत्र सापडेल ती. निवेदिता पहाटे उठून पाखरं बघायची, दुपारी विहिरीत दोर सोडून पाणी मोजायची, कोणाच्या जनावरांना चारा कुठून येतो ते घरोघर विचारायची. लोक एका दगडात दोन पक्षी मारतात, ही पोरगी एका माळात दोन्ही राखायला निघाली होती.

गावात तीन जागा होत्या. तळ्याचा काठ, मठामागचं चिंचबन आणि माळ. तळ्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरायचे, लोक फोटो काढायचे, पण त्या तळ्याचं पाणी काठच्या चार शेतांपलीकडे कोणाला मिळत नव्हतं. चिंचबनात सावली आणि चिंचा, पाखरं मोजकीच. निवेदितानं नकाशावर पाखरा-जनावरांना हिरवा रंग दिला आणि पाण्या-चाऱ्याला निळा. माळावर दोन्ही रंग एकमेकांवर चढले. तिला फार आनंद झाला. रेवणप्पाबरोबर तिनं सगळं शिवार पायाखाली घातलं होतं, आणि माळावर बसून भाकरी खाताना त्यानंच तिला सांगितलं होतं, "ताई, गावाच्या हिरींची आई हितं हाय." पोरीनं ते मनावर घेतलं.

मग रेवणप्पाला भीती वाटू लागली.

त्याची थोरली बहीण शिवबाई सोलापूरच्या उत्तरेला एका अभयारण्याच्या हद्दीतल्या गावात दिलेली. त्या अभयारण्यापायी शिवबाईच्या सासरचं अर्धं आयुष्य परवानग्या मागण्यात गेलं. विहीर खणायची तर परवानगी, घर वाढवायचं तर परवानगी, जमीन विकायची तर विचारूच नका. त्या गावात मुलगी द्यायला लोक कचरू लागले होते. शिवबाई माहेरी आली की भावाला एकच उपदेश करायची, "पाखरू दिसलं तर हुसकून लाव, पर सायबाला सांगू नगंस." तालुक्यात पुष्कळांनी हाच धडा घेतलेला. कोणी साहेब पाखरांविषयी विचारायला आला, की ज्यांच्या बांधावर पाखरांची घरटी ते सगळ्यात आधी मान हलवायचे, "काय न्हाय ओ हितं."

माळाच्या पायथ्याला, रस्त्याला लागून, रेवणप्पाची दोन एकर जमीन होती. थोरला मुलगा गुरुशांत तिथं मंगल कार्यालय बांधायच्या बेतात होता. निवेदिता पुन्हा पुन्हा सांगत होती की काका, हे अभयारण्य नाही, शेजारच्या शेताला काहीही अडचण येणार नाही, ठराव गावाचाच राहील. पण दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. जागा ठरवायच्या गावसभेच्या आदल्या संध्याकाळी गुरुशांतचा फोन आला. "अण्णा, माळाचं नाव निघालं तर आपलं कार्यालय गेलंच समजा. तुमचा शब्द गाव ऐकतंय. बघा बाबा काय ते." रेवणप्पा काही बोलला नाही. न बोलणं हे कबूल करणंच असतं, हे बापलेक दोघांनाही माहीत होतं.

सभेत तिढा पडला. काही जण म्हणाले तळं, काही म्हणाले माळ. सरपंच प्रभुलिंगनं तोडगा काढला, "माळात पाणी हाय का न्हाय, अण्णांनी नारळ फिरवून सांगावं. मग बोलणं मिटलं." निवेदिता हसली. तिचा नारळावर विश्वास नव्हता, पण काकांवर होता. तिनं आनंदानं होकार दिला.

सगळं गाव माळावर गेलं. रेवणप्पानं चपला काढल्या, मनात बसवण्णाचं नाव घेतलं आणि तळहातावर नारळ ठेवून चालू लागला. लोक मागं होते, त्यांना त्याची पाठ दिसत होती. गवत गुडघ्याला लागत होतं. थोडा उतार चढून गेल्यावर नारळ हलला. हातातल्या हातात कूस बदलल्यासारखा हलला आणि शेंडी वर यायला लागली. रेवणप्पानं अंगठा वाकवून नारळ दाबून धरला. पुढं गेल्यावर परत तेच झालं, परत दाबला. इतक्या जोरानं की नख पांढरं पडलं. सगळा माळ चालून तो माघारी वळला तेव्हा नारळ तळहातावर आडवाच होता.

"कोरडा हाय माळ," तो म्हणाला.

निवेदितानं जवळ येऊन हळूच विचारलं, "काका, नक्की? तुम्हीच म्हणाला होतात ना..."

"म्या कोण म्हणनारा, ताई? नारळ माझं ऐकतो व्हय?" असं बोलून त्यानं चपला पायात घातल्या. तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नारळ हातात असताना खोटं सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गावातल्या कोणी शंका घेतली नाही याचं त्याला वाईट वाटलं.

ठराव तळ्याचा झाला. काठावर मोठा फलक लागला, त्यावर गुलाबी रोहित रंगवला. माळ पडीकच राहिला, आणि पडीक जमिनीला गिऱ्हाईक लवकर मिळतं. रस्त्याच्या कामाला मुरूम पाहिजे होता. ठेकेदाराची यंत्रं आली आणि माळाचा पश्चिम उतार खरवडून काढू लागली. गवत गेलं, मुरूम गेला, खाली काळा पाषाण उघडा पडला. पावसाळ्यात त्याच्यावरून लाल पाणी धडाधड वाहून तळ्यात गेलं. तळं गाळानं भरलं. रोहित हिवाळ्यात आले, वर घिरट्या घालून निघून गेले. फलकावरचा तेवढा राहिला. आणि पायथ्याच्या विहिरी शिवरात्रीच्या आतच तळ दाखवू लागल्या.

मंगल कार्यालयही झालं नाही. गुरुशांतनं बापानं दाखवलेल्या जागांवर बोअर मारले आणि सगळ्यांतून धुरळा निघाला. "अण्णा, तुमचाच नारळ की," तो रागानं म्हणाला आणि निघून गेला. रेवणप्पा काय सांगणार? माळावरच्या त्या दिवसापासून नारळ त्याच्या हातात मेल्यासारखा पडून राहायचा. तो आता लोकांना अंदाजानं जागा दाखवत होता. हे दुसरं पाप तो पहिल्यावर चढवत होता, आणि थांबायचं कसं ते त्याला कळत नव्हतं.

आता ठेकेदाराला पूर्वेकडचा उतारही पाहिजे होता. माळाचा तेवढाच तुकडा उरला होता, गवतासकट आणि खोकडांसकट. त्यासाठी पुन्हा गावसभा ठरली. निवेदिता जुना नकाशा घेऊन येणार होती. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना मुरमाची वाहतूक हवी होती, आणि त्यांच्या तोंडी एकच मुद्दा होता, "अण्णांनी तवाच नारळ फिरवला हुता. माळ कोरडा. मग मुरूम गेला म्हणून हिरी आटल्या, हे कसं काय?" हे रेवणप्पाच्या कानावर आलं. त्याला वाटलं होतं, खोटं बोलून झालं, संपलं. ते अजून कामावर जात होतं.

सभेच्या आदल्या दिवशी तो तानाबाईकडे गेला. आधी एका तरी माणसाला सांगावं, आणि ज्याचं जास्त नुकसान झालं त्याला सांगावं, एवढंच त्याला सुचलं. तानाबाईनं अर्धा कळप विकला होता. उरलेल्या मेंढ्या पूर्व उतारावर चरत होत्या आणि ती घोंगडी अंथरून बसली होती.

"तानाक्का, त्या दिशी नारळ उठला हुता," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "म्या अंगठ्यानं दाबला."

तानाबाईनं मान वर केली नाही. "ठावं हाय मला. म्या वरच्या अंगाला मेंढरं घिऊन हुभी हुते. तुमचा हात समोरनं दिसत हुता की."

तो खाली बसला.

"आमच्यासाठीच दाबला न्हवं?" ती म्हणाली. "माळ सरकारात गेला असता तर मेंढरं कुटं चारायची, म्हणून. शिवबाईच्या गावात धनगरांचं काय झालं ते तुमी बघितलंवतं. म्या कुणाला बोलले न्हाय. तवापासनं नागपंचमीला भावाचा उपास तुमच्या नावानं धरत्ये, अण्णा. खोटं बोलून का हुईना, आमच्यासाठी कोण बोलतंय?"

तिचा स्वर इतका साधा होता की रेवणप्पाला तिच्या पायाशी लोळण घ्यावीशी वाटली. इतकी वर्षं तो स्वतःलाही हेच सांगत आला होता. मी धनगरांचा विचार केला. मी गावाला परवानग्यांच्या फेऱ्यातून वाचवलं. दोन एकरांचं नाव तो स्वतःपुढेही काढत नव्हता.

"उद्या सभेत सांगतो म्हणतोय," तो म्हणाला.

आता मात्र तानाबाईनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. "नगं अण्णा. धनगरांसाठी दाबला म्हणलासा तर गाव काय म्हणंल? धनगरांपायी आमच्या हिरी आटल्या म्हणंल. आमाला शिवंत मेंढरू घालू देणार न्हायत. आदीच अर्ध्यावर आलोय. माज्या नातवंडांनी कुटं जायाचं?"

रेवणप्पानं तिला शब्द दिला की तुझं नाव येणार नाही. उतार उतरताना त्याला सगळं स्पष्ट दिसू लागलं. गप्प बसावं तर उरलेला माळ जातो आणि त्याच्याबरोबर तिची मेंढरं. सांगावं आणि कारण मोघम ठेवावं, तर गाव आपल्या मनानं कारण शोधील, आणि ते धनगरवाड्यातच सापडेल. एकच वाट उरत होती. खरं सांगायचं, आणि त्यातलं सगळ्यात लाजिरवाणं होतं तेच सांगायचं. ते सांगितल्यावर ज्या एका माणसाला तो अजून भला वाटत होता, तेही माणूस उरणार नव्हतं.

सभा मठाच्या अंगणात भरली. ट्रॅक्टरवाले पुढं बसले होते. निवेदितानं नकाशा भिंतीला लावला आणि ती सांगू लागली, तेव्हा एकानं तिला मध्येच तोडलं, "म्याडम, रंग तुमी भरलाय. आमच्या अण्णांनी पाय झिजवून बघितलंय." लोक हसले. निवेदिता थांबली. तिनं रेवणप्पाकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

तो उठला. सावित्रम्मा बायकांत बसली होती. नवरा सभेत कधी उठत नाही, म्हणून ती दचकली.

"नारळ उठला हुता," रेवणप्पा म्हणाला. "दोनदा उठला. म्या दाबून धरला. माळाखाली पाणी हुतं. ते घालवलं त्येला कारण म्या हाय."

प्रभुलिंगनं विचारलं, "का ओ अण्णा? का केलंत असं?"

"रस्त्याकडंच्या दोन एकरासाठी. माळ राखीव झाला तर पोराचं कार्यालय अडंल असं वाटलं. ताई सांगत हुत्या अडणार न्हाय, पर माझ्या पोटात भ्या हुतं आणि हाव हुती. दुसरं कायसुदीक न्हवतं." मग त्यानं नकाशाकडे बोट केलं. "त्यो बरोबर हाय. माझ्या हातावर हितनं फुडं कुणी इसवास ठेवू नका. कुणाला जागा दाखवल्यात त्याबी अंदाजानंच दाखवल्यात."

मग गलका झाला. ज्यांचे बोअर वाया गेले होते ते अंगावर धावून आले, एकानं त्याची टोपी उडवली. सावित्रम्मानं तोंडाला पदर लावला. "अय्यो शिवा," एवढंच ती म्हणाली. निवेदिता मध्ये पडून लोकांना मागं सारू लागली, आणि रेवणप्पाला वाटलं, हिनं तरी मध्ये पडू नये. बऱ्याच वेळानं प्रभुलिंगनं सगळ्यांना बसवलं आणि पूर्व उताराचं मत घ्यायचं म्हणाला.

तेवढ्यात मागच्या बाजूनं तानाबाई उभी राहिली. धनगरवाड्याची बाई सभेत उभी राहिली म्हणून लोक वळून बघू लागले. ती गावाला काहीच म्हणाली नाही.

"अण्णा, येवढंच सांगा," ती म्हणाली. "दाबताना आमी तुमच्या ध्यानात हुतो का?"

एक शब्द पुरला असता. व्हय म्हणाला असता तर तिच्यापुरतं काहीतरी उरलं असतं, त्याच्यापुरतंही. गावानं त्याचं आता काही ऐकलं नसतं, त्यामुळे तिला त्रासही झाला नसता.

"न्हाय, तानाक्का," रेवणप्पा म्हणाला. "त्या वक्ताला तुमी ध्यानातच न्हवता."

तानाबाईनं बाजारात भाव ऐकल्यासारखी मान हलवली. प्रभुलिंगनं विचारलं, पूर्व उतार राखायचा कोणाकोणाला. तिनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. मग विहिरवाल्यांचे हात वर गेले, बायकांचे गेले, आणि शेवटी दोन ट्रॅक्टरवाल्यांचेही. हात मोजून होईपर्यंत ती तशीच उभी होती. मग घोंगडी खांद्यावर टाकून ती रेवणप्पाच्या अगदी जवळून निघून गेली, आणि त्यानं वाट द्यायला पाय आवरून घेतले.